अतिनील किरण आणि आर्टेमियाचे जीवनटप्पे: प्रकल्प नोंदी

२४ मार्च

प्रश्न असा: अतिनील-बी किरणांची (२८० ते ३१५ नॅनोमीटर) तीच मात्रा आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या छोट्या कवचधारी प्राण्याच्या सिस्ट (कवचातला सुप्त भ्रूण), कवच काढलेला भ्रूण, नॉप्लियस (नुकतंच उबलेलं पिल्लू) आणि प्रौढ या टप्प्यांना दिली, तर कोण किती टिकतं आणि मृत्यू केव्हा दिसतो? यातल्या ‘केव्हा’वर आमचा जास्त भर आहे. प्राणीप्लवकांवरच्या पुष्कळ विद्यार्थी-प्रकल्पांत २४ तासांनी मोजणी करून वही मिटतात. अतिनील किरणांच्या बाबतीत ही घाई महागात पडते. डीएनएला इजा क्षणात होते, पण पेशीला विभागायची वेळ येईपर्यंत किंवा प्राण्याला कात टाकायची वेळ येईपर्यंत ती उघडी पडेलच असं नाही.

प्राणी: आर्टेमिया फ्रान्सिस्काना. ग्रेट सॉल्ट लेकची सिस्ट मत्स्यालयाच्या दुकानांत डबाबंद मिळतात आणि हवा तो टप्पा हव्या त्या दिवशी तयार करता येतो. मुंबईच्या मिठागरांतही आर्टेमिया सापडतात. तिथल्या वाफ्यांत पाणी जेमतेम वीतभर, वर सावली नाही आणि खाली जायला जागा नाही. खोल तळ्यातला डॅफ्निया (पाणपिसू) अतिनील प्रकाश जाणवताच खाली सरकतो. मिठागरातल्या प्राण्याला ती सोय नाही. म्हणून त्याला कवच, रंगद्रव्य आणि डीएनएची दुरुस्ती यांवरच भागवावं लागतं.

२७ मार्च

दिवा आणि फिल्म. फिलिप्सची टीएल २० वॅट/१२ ही अतिनील-बी ट्यूब घेतली. ती साध्या दोन फुटी पट्टीत, नेहमीच्या चोक-स्टार्टरवर चालते. तिच्या प्रकाशात २८० नॅनोमीटरच्या खालचाही थोडा अंश असतो. सूर्याचा तो भाग ओझोन थर वरच अडवतो, त्यामुळे आपल्यालाही तो कापावाच लागतो. त्यासाठी सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म. ती साधारण २९० नॅनोमीटरखालचं अडवते आणि वरचं सोडते. नियंत्रण गटासाठी पॉलिएस्टर फिल्म: ती सुमारे ३१५ पर्यंतचं सगळं अडवते, अतिनील-ए आणि दृश्य प्रकाश जाऊ देते. त्यामुळे नियंत्रण गटाच्या डिशही त्याच दिव्याखाली, त्याच उष्णतेत, तेवढाच वेळ राहतात आणि फरक फक्त अतिनील-बीचा उरतो.

दोन्ही फिल्म दिसायला सारख्याच. स्टेशनरीच्या दुकानात ‘ओएचपी शीट’ म्हणून मिळणारी पारदर्शक शीट ॲसिटेटचीही असू शकते आणि पॉलिएस्टरचीही. झेरॉक्स यंत्रातून जाणारी बहुधा पॉलिएस्टरची. चाचणी सोपी आहे. दिवा लावून अतिनील-बी मीटर खाली धरा आणि शीट मध्ये सरकवा. आकडा थोडाच उतरला तर ॲसिटेट, जवळजवळ शून्यावर आला तर पॉलिएस्टर. प्रत्येक शीट अशी तपासून कोपऱ्यात अक्षर लिहिलं. हे न केल्यास ‘प्राणी अतिनीलला दाद देत नाहीत’ असा निष्कर्ष निघू शकतो आणि दोष निव्वळ शीटचा असतो.

नवं ॲसिटेट दिव्याखाली वेगाने बदलतं आणि पहिल्या काही तासांत त्याची पारदर्शकता घसरते. म्हणून वापरण्याआधी ८ तास दिव्याखाली ‘मुरवून’ घेतलं. प्रत्येक फेरीआधी मीटरने तपासणी होईल आणि पिवळट झालेली शीट बाद.

सुरक्षितता: पॉलिकार्बोनेटचा पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा, लांब बाह्यांचा सुती कोट, नायट्राइलचे हातमोजे. मनगट उघडं राहू नये. पेटीच्या दाराला स्विच जोडला आहे. दार उघडलं की ट्यूब बंद.

१ एप्रिल

मात्रा ठरवली. ट्यूब २० मिनिटं तापू दिली. त्याआधीचं रीडिंग खालीवर होत राहतं. ३० सेंमीवर, ॲसिटेटखाली, पाण्याच्या पातळीला सेन्सर ठेवून दर ५ सेंमीवर नोंद घेतली. मधल्या पट्ट्यात १५० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंमी, म्हणजे १.५ वॅट प्रति चौरस मीटर. ट्यूबच्या टोकांकडे तीव्रता पडते, म्हणून मधल्या आकड्यापासून ५ टक्क्यांच्या आत बसणारी जागाच वापरायची. तिथे चिकटपट्टीने चौकोन आखले.

मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले सेकंद. १५ मिनिटांना १.३५ किलोज्यूल प्रति चौरस मीटर, ३० ला २.७, ६० ला ५.४, १२० ला १०.८. ही चार पायऱ्यांची शिडी आणि शून्य.

एक सावधगिरी: दिवा अर्ध्या अंतरावर आणून वेळ कमी केला की ‘मात्रा तीच’ असं कागदावर दिसतं, पण दुरुस्ती चालू असलेल्या प्राण्याला ते सारखं नसतं. हळू दिलेल्या मात्रेत तो इजा भरून काढत असतो, वेगाने दिलेलीत त्याला फुरसत मिळत नाही. म्हणून सगळ्या टप्प्यांना तीव्रता एकच. बदलेल ती फक्त वेळ.

डिश: ६० मिमीची काचेची पेट्री डिश, २५ मिली पाणी, खोली साधारण १ सेंमी, झाकण नाही. काचेचं किंवा प्लास्टिकचं झाकण अतिनील-बीचा मोठा भाग खातं. पाणी: समुद्री मीठ ३० ग्रॅम प्रति लिटर, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेलं. खाडीचं पाणी वापरलं नाही, कारण खारफुटीतून येणारे विरघळलेले तपकिरी सेंद्रिय पदार्थ अतिनील किरण शोषतात. निसर्गात तेच प्लवकांचं छत्र असतं, पण इथे त्यामुळे मात्रेचा हिशेब बिघडतो. क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये (शोषण मोजायची छोटी पारदर्शक नळी) ३०५ नॅनोमीटरला शोषण तपासलं, ऊर्ध्वपातित पाण्याइतकंच आलं.

उघड्या डिशमधून बाष्पीभवन होतं. काचेवर पातळीची रेघ मारून ऊर्ध्वपातित पाण्याने भर घालायची. मिठाचं पाणी ओतलं की क्षारता चढत जाते. डिश पाण्याच्या ट्रेमध्ये, २७ ते २८ अंश.

५ एप्रिल

उबवण. १ लिटर पाण्याला १ ग्रॅम सिस्ट, शंकूच्या तळाची बाटली, तळातून जोरात हवा, २८ अंश, वरून पांढरा दिवा. सामू ८ च्या वर राहावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा. १८ ते २४ तासांत नॉप्लियस बाहेर. हवा बंद करून १० मिनिटं थांबलं की रिकामी कवचं वर तरंगतात आणि नॉप्लियस तळाशी उजेडाच्या बाजूला गोळा होतात. सायफनने तळातून काढायचे. कवचं सोबत आली तर मोजणीत घोटाळा होतोच, शिवाय कवचाखाली गेलेल्या नॉप्लियसला सावली मिळते.

टप्पा घड्याळावरून ठरवत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ठरवतो. पहिल्या टप्प्यातला नॉप्लियस अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, नारिंगी, अंड्यातल्या पिवळ्या बलकावर जगणारा. त्याचं तोंड बंद असतं. साधारण ८ तासांनी तो पहिली कात टाकतो आणि खायला लागतो. ओळखायचं कसं? स्पिरुलिनाच्या (निळ्या-हिरव्या शेवाळाची पूड) पातळ पाण्यात २० मिनिटं ठेवायचं. पोटात मधोमध हिरवी रेघ उमटली की दुसरा टप्पा. नारिंगी आणि कोरा राहिला तर पहिला. तपासलेले नमुने प्रयोगात घेत नाही, कारण खाद्याचे कण पाणी गढूळ करतात.

याच तुकडीतून प्रौढांसाठी वेगळी टाकी सुरू केली. खाद्य: ५० मायक्रॉनच्या कापडातून गाळलेला स्पिरुलिना, पाणी जरासं हिरवट होईल इतकाच. बीकरमागचा छापील मजकूर वाचता आला पाहिजे. जास्त झालं की तळाशी कुजतं आणि दुसऱ्या दिवशी प्राणी पृष्ठभागाला येतात.

९ एप्रिल

कवच काढणं. सिस्टच्या कवचातल्या तपकिरी थरात हेमॅटिन हे रंगद्रव्य असतं आणि तेच अतिनीलविरुद्धचं मुख्य संरक्षण. तोच भ्रूण कवचासह आणि कवचाविना, अशी जोडी हातात आली की कवचाचं काम वेगळं काढता येतं.

१ ग्रॅम सिस्टला: आधी साध्या पाण्यात हवा देत १ तास भिजवणं, म्हणजे खळगा पडलेली सिस्ट फुगून गोल होतात. मग ०.५ ग्रॅम क्रियाशील क्लोरीन, ०.१५ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि एकूण द्रावण १४ मिली. ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर १० मिली ब्लीच आणि ४ मिली खारं पाणी. बाटलीवरच्या टक्क्यावर भिस्त नको. उन्हाळ्यात ब्लीचचा जोर लवकर उतरतो, म्हणून आयोडीन-थायोसल्फेटने मोजून घ्यावं. क्रिया उष्णता सोडते, बीकर बर्फात ठेवून ढवळत राहायचं. ४० अंशांवर गेलं की भ्रूण मेलेच. रंग गडद तपकिरीवरून राखाडी, मग नारिंगी. नारिंगी दिसताच १२० मायक्रॉनच्या चाळणीवर ओतून क्लोरीनचा वास जाईपर्यंत धुणं. शेवटी ०.१ टक्का सोडियम थायोसल्फेटमध्ये मिनिटभराच्या आत बुडवून पुन्हा धुणं. क्लोरीनचा अंश राहिला तर मृत्यू अतिनीलच्या नावावर जमा होतो. म्हणून कवच काढलेल्या पण किरण न दिलेल्या भ्रूणांचा वेगळा नियंत्रण गट हवाच.

उघडे भ्रूण लगेच अंधारात. खिडकीतलं थेट ऊनही त्यांना सोसत नाही.

१२ एप्रिल

दुरुस्तीचा प्रकाश. अतिनील-बीने डीएनएमधले शेजारचे पिरिमिडिन (साखळीतले काही घटक) एकमेकांना चिकटतात. ते सोडवणारं फोटोलायेझ हे विकर अतिनील-ए आणि निळ्या प्रकाशावर चालतं. अंधारात चालणारी दुसरी पद्धत, खराब तुकडा कापून नवा भरण्याची, आहे पण हळू. म्हणून प्रत्येक टप्प्याचे दोन संच: किरणांसोबत आणि नंतर १२ तास दुरुस्तीचा प्रकाश असलेला, आणि नसलेला.

प्रकाशासाठी किडे मारायच्या यंत्रात असते ती ३६५ ते ३६८ नॅनोमीटरची ट्यूब आणि सोबत पांढरी ट्यूब. ‘प्रकाश नाही’ संच फक्त पिवळ्या दिव्यात हाताळायचा. खोलीतली साधी ट्यूबलाइट मोजणीपुरतीही लावू नये, तेवढ्यात दुरुस्ती सुरू होते.

सिस्टच्या बाबतीत इथे एक अडचण आहे. भिजलेल्या सिस्टला जागं व्हायला प्रकाशच लागतो. किरणांनंतर थेट अंधारात ठेवली तर ती उबत नाहीत आणि आपल्याला वाटतं अतिनीलने मेली. उपाय: भिजताना, किरण देण्याआधी, तासभर पांढरा प्रकाश देऊन घ्यायचा आणि नंतर अंधार. जागं करणारा प्रकाश इजेच्या आधी येतो, त्यामुळे तो दुरुस्तीत मोजला जात नाही.

१६ एप्रिल

सिस्ट आणि भ्रूण, ४८ तासांची मोजणी. लुगॉलचे (आयोडीनचं द्रावण) दोन थेंब टाकून नमुने स्थिर केले आणि तीन गट वेगळे मोजले: न उघडलेली, अर्धवट उघडलेली, मोकळे पोहणारे नॉप्लियस. अर्धवट उघडलेल्यांकडे लुगॉल टाकण्याआधीच नीट पाहावं लागतं. कवच फुटून भ्रूण पारदर्शक पडद्यात गुंडाळलेला खाली लटकतो, आतला लालसर डोळा दिसतो. पडद्यात हालचाल असेल तर जिवंत, डोळ्याचा ठिपका पसरून आतला रंग पातळ झाला असेल तर मेलेला.

अखंड सिस्ट: १०.८ किलोज्यूलपर्यंत उबवणीत नियंत्रण गटापेक्षा सांगण्याजोगा फरक नाही. कवच काम करतं.

कवच काढलेले भ्रूण: उबवण इथेही फारशी घटली नाही. इथेच थांबलो असतो तर ‘कवचाची गरज नाही’ असं लिहावं लागलं असतं. सिस्टमधला भ्रूण सुमारे ४,००० पेशींचा असतो आणि तिथपासून नॉप्लियस बाहेर येईपर्यंत पेशीविभाजन होत नाही, नवा डीएनए बनत नाही. आहे त्याच पेशी आकार घेतात. डीएनए जखमी असला तरी उबवणीत ते कळत नाही. म्हणून उबलेल्यांपैकी एक भाग जिवंत ठेवून खाद्यावर चढवला आहे.

१९ एप्रिल

तोच भाग. वरच्या दोन मात्रांतल्या, दुरुस्तीचा प्रकाश न मिळालेल्या नॉप्लियसांची संख्या पहिल्या-दुसऱ्या कातेच्या सुमारास कोसळली. नियंत्रण गट त्याच पाण्यात, त्याच खाद्यावर वाढतो आहे. दुरुस्तीचा प्रकाश मिळालेल्या संचात घसरण बरीच कमी. अखंड सिस्टमधून आलेले नॉप्लियस नियंत्रण गटाच्या बरोबरीने कात टाकून पुढे गेले.

यापुढे ‘उबवणीचा टक्का’ हा जगण्याचा निकष धरायचा नाही. किरणांनंतरची दुसरी कात पार केली तरच ‘वाचला’.

२३ एप्रिल

नॉप्लियस. प्रत्येक मात्रेला ४ डिश, प्रत्येकीत १० प्राणी. ड्रॉपरचं टोक कापून रुंद केलं, अरुंद टोकातून अँटेना मोडतात. मृत्यूची खूण: हलक्या धक्क्यानंतर १० सेकंदांत एकाही अवयवाची हालचाल नाही. नियंत्रण गटात १० टक्क्यांहून जास्त मेले तर ती फेरी बाद.

सूक्ष्मदर्शकाखाली: ५.४ किलोज्यूल, प्रकाश नसलेला संच, दुसरा दिवस. कात अर्धी निघालेली आणि एका अँटेनाच्या काटेरी केसांत अडकलेली. दुसऱ्या अँटेनाने मारलेला प्रत्येक फटका प्राण्याला जागच्या जागी गोल फिरवतो. आतड्यात हिरवी रेघ नाही, म्हणजे खाणं थांबलेलं. २४ तासांच्या मोजणीत हाच ‘जिवंत’ होता. यापुढे ‘जिवंत’ आणि ‘सरळ पोहणारा’ असे दोन रकाने.

पहिला टप्पा दुसऱ्यापेक्षा नाजूक दिसतो, पण कात टाकायला किती वेळ उरला होता यावर बरंच अवलंबून आहे. कातेच्या तोंडावर किरण मिळालेली तुकडी आणि नुकतीच कात टाकलेली तुकडी यांच्यातला फरक टप्प्याटप्प्यांतल्या फरकाइतका ठळक आहे. म्हणून ‘वय’ या रकान्यात उबल्यापासूनचे तास आणि शेवटच्या कातेपासूनचे तास, दोन्ही लिहायचे.

उपासमारीकडेही लक्ष हवं. बलक संपल्यावर खाद्य न मिळालेले नॉप्लियस तिसऱ्या दिवसापासून आपोआप मरू लागतात. किरण देऊन झाल्यावर, दुसरा टप्पा गाठताच सर्व डिशना एकाच वेळी स्पिरुलिना.

६ मे

प्रौढ. लांबी सुमारे १० मिमी, म्हणून १५ सेंमीच्या काचेच्या भांड्यात, पाणी २ सेंमी, ५ जोड्या. प्रौढ आर्टेमिया पोट प्रकाशाकडे करून, उलटा पोहतो. दिवा वरून असल्याने पाय आणि मादीची अंडपिशवी थेट किरणांसमोर येते, पाठ खाली राहते.

प्रौढ या मात्रांत टिकले. शरीर जाड, वरच्या थरांतच किरणांचा बराच भाग अडतो. पण जगण्याचा आकडा पाहून समाधान मानता येत नाही. किरणांनंतर प्रत्येक मादी वेगळी करून पुढची दोन वेतं मोजतो आहोत. वरच्या मात्रेत पिशवीतली अंडी पांढुरकी होऊन गळून पडलेली दिसली, मादी मात्र धडधाकट. अकार्शिया क्लॉसाय या कोपेपॉडवर (समुद्रातला छोटा कवचधारी प्लवक) १९७० च्या दशकाअखेर झालेल्या कामातही वाचलेल्या प्राण्यांची प्रजननक्षमता घटल्याचं दिसलं होतं. मिठागरातल्या संख्येच्या दृष्टीने वांझ राहिलेली मादी आणि मेलेली मादी यांत फरक नाही.

१५ मे

गच्चीवरची फेरी. आज मुंबईत शून्य सावली, १२:३५ ला सूर्य थेट डोक्यावर. ट्यूबच्या प्रकाशात कमी लांबीच्या लहरींचा वाटा सूर्यप्रकाशापेक्षा जास्त आणि अतिनील-ए कमी. त्यामुळे मीटरवर तोच आकडा असताना ट्यूब जास्त मारते. पेटीतली मात्रा मिठागराला थेट लावता येत नाही, उन्हातली फेरी त्यासाठीच.

११:४५ ते १:२५, दोन फिल्म, तिसरा संच ॲल्युमिनियम फॉइलखाली. फिल्म डिशच्या वर २ सेंमी, बाजू मोकळ्या. चिकटवली तर आतून वाफ धरते. ट्रेमध्ये बर्फाच्या बाटल्या आलटूनपालटून, डिशमध्ये थर्मामीटर. बाटल्या नसतील तर पाणी भराभर ३५ च्या पुढे जातं आणि मग प्राणी उन्हाने नाही, उकाड्याने मरतात. फॉइलखालचा संच हे पकडण्यासाठीच आहे.

अतिनील निर्देशांक दाखवणारा मीटर इथे चालत नाही. त्याचा आकडा माणसाची त्वचा लाल होण्याच्या हिशेबाने तोललेला असतो. पेटीतलाच मीटर वर नेला.

२१ मे

आकडेमोड. एकक डिश, प्राणी नव्हे. एका डिशमधले १० नॉप्लियस एकाच पाण्यात, एकाच जागी होते. त्यांना १० स्वतंत्र निरीक्षणं धरलं तर खोटा आत्मविश्वास येतो. म्हणजे प्रत्येक मात्रेला ४ निरीक्षणं. नियंत्रण गटातले मृत्यू ॲबटच्या सूत्राने वजा: नियंत्रणात ५ टक्के आणि किरणगटात ४३ टक्के मेले असतील तर (४३ − ५) भागिले (१०० − ५), म्हणजे ४० टक्के. मग मात्रा-प्रतिसाद वक्र, टप्पा आणि प्रकाश दोन्ही घटक एकत्र घेऊन.

पहिल्या मोजणीचा (नॉप्लियससाठी २४ तास, सिस्ट आणि भ्रूणांसाठी ४८) आणि दुसऱ्या कातेनंतरचा, दोन्ही वक्र शेजारी काढले. उघड्या भ्रूणांचा पहिला वक्र जवळजवळ सपाट, दुसरा तीव्र उतरणीचा. अखंड सिस्टचे दोन्ही सपाट. तक्त्यात दोन्ही वेळा द्यायच्या आणि अहवालात ‘नाजूक टप्पा’ हा शब्द दुसऱ्या वक्रावरूनच वापरायचा.

पाऊस येण्याआधी गच्चीवरची आणखी एक फेरी हवी, या वेळी नुकतीच कात टाकलेले नॉप्लियस घेऊन. उरलेली सिस्ट सुक्या बाटलीत, सिलिका जेलसह फ्रीजमध्ये. पावसाळ्याची दमट हवा लागली की ती अर्धवट भिजतात आणि उबवण घसरते. ॲसिटेटचं पुढचं शीट आजच मुरवायला लावलं आहे.